रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च आणि देखभाल : नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी खानदेशात मदत कशी मिळवावी?

तापीकाठ (चोपडा)

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्यामुळे त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, शिवाय झटकेही येतात. त्याला नीट गिळता येत नसल्यामुळे नाकातील नळीने दूध आणि पातळ आहार द्यावा लागतो. घशात कफ साठला की सक्शन मशीन लावावे लागते आणि थंडीत निमोनिया झाला की भरती करावे लागते.

भरती असतानाचा बहुतेक खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागला आणि त्याबद्दल आम्ही मनापासून कृतज्ञ आहोत. प्रश्न घरी आल्यानंतरचा आहे. झटक्यांची औषधे, नळ्या, डायपर, सक्शनचे कॅथेटर, फिजिओथेरपीसाठी जळगावला जाण्यायेण्याचे भाडे हे सारे आम्हालाच भरावे लागते. त्याच्याजवळ सतत कोणीतरी जागे असावे लागत असल्यामुळे माझे शिवणकाम बंद पडले असून घरात आता यजमानांची ट्रॅक्टरवरची मिळकत तेवढी येते. गावात जो तो वेगळी योजना सांगतो, परंतु आधी कुठे जावे आणि कोणता कागद कशासाठी लागतो, हे कोणी सांगत नाही. ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अमळनेरचे नाना

ताई, माझ्या नातीलाही सेरेब्रल पाल्सी आहे आणि माझी नोकरी महसूल खात्यात झाली, त्यामुळे अर्ज कोणत्या टेबलावर का थांबतो हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. महात्मा फुले योजना ही मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. आता तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि निवडक उपचारांनंतर पाठपुराव्याचाही खर्च त्यात धरलेला असतो, मात्र घरातल्या रोजच्या औषधांचा आणि थेरपीचा खर्च तिच्यातून निघत नाही. त्यासाठी वेगळे दरवाजे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून सेरेब्रल पाल्सी त्यांत आहे. या दोन्हींसाठी सरकारच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर अर्ज भरावा आणि तपासणीसाठी बोलावतील त्या दिवशी बाळाचे सर्व डिस्चार्ज कार्ड, मेंदूचा एमआरआय, ईईजी आणि आधार बरोबर न्यावे. बाळ लहान असल्यामुळे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे मिळेल. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच फेरतपासणीच्या मागे लागावे, कारण मुदत संपली की त्यावर चालणारे सर्व लाभ थांबतात. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

कार्ड हाती आले की पहिला अर्ज ‘निरामय’ आरोग्य विम्याचा करावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व या चारच प्रकारांसाठी आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि माझ्या मते तुमच्यासारख्या घरासाठी सर्वांत उपयोगी योजना हीच आहे, कारण बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, औषधे, चाचण्या, थेरपी आणि उपचारासाठीचा प्रवास हे तिच्यात ठरलेल्या मर्यादेत बसते. आधीपासून आजार आहे म्हणून नाव नाकारले जात नाही आणि विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही नसते. नोंदणीचे शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये असते. नोंदणी राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते, तेव्हा तुमच्या भागासाठी कोणती संस्था काम करते आणि चालू वर्षाची नोंदणी सुरू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पैसे मागाहून परत मिळतात, म्हणून मेडिकलवाल्याकडून प्रत्येक वेळी बाळाच्या नावाचे पक्के बिल घ्यावे. साध्या चिठ्ठीवर दावा मंजूर होत नाही, आणि आपल्याकडे चिठ्ठीवर औषध घ्यायची सवय फार आहे.

दुसरा अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत करावा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान राज्य सरकारने २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये केले. दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५० हजार रुपये आहे. ही मर्यादा आजच्या काळात फारच तोकडी असून ज्या घरात रोज सक्शन मशीन चालते त्या घराच्या मिळकतीकडे औषधांचा खर्च वजा करून पाहिले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. ती वाढवण्याची मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे. अर्ज मंजूर झाला तर आधारला जोडलेले बँक खाते लागेल आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल. केवळ हा दाखला वेळेवर न गेल्यामुळे अनुदान थांबलेली घरे मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, त्यात सक्शन मशीन, विशेष खुर्ची अशी नेमकी गरज लिहा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. लहान गावात रक्कम मोठी नसते, तरीही मशीनसारख्या एका खरेदीला ती पुरू शकते.

फिजिओ (धुळे)

नानांची माहिती अचूक आहे, पण क्रमाबद्दल माझे मत निराळे आहे. प्रमाणपत्राची वाट पाहत थेरपी थांबवू नये. अडीच वर्षे हे वय फार मोलाचे असते. या वयात मेंदू वेगाने वाढत असतो आणि स्नायूंचा ताठरपणा एकदा सांध्यांत बसला की पुढे शस्त्रक्रियेशिवाय तो निघणे कठीण होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि तो जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतात. पथकाने पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असते. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचाउपचार, श्रवण आणि दृष्टीची तपासणी या सेवा मोफत मिळणे अपेक्षित असते आणि त्यासाठी यूडीआयडी लागत नाही. अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला पथकाचा चोपडा तालुक्यातील दौरा विचारा आणि संदर्भपत्र घ्या. केंद्रात गेलात की प्रमाणपत्राच्या तपासणीचीही चौकशी त्याच दिवशी करता येते, म्हणजे भाड्याचा एक खेप वाचतो.

आणखी एक विनंती. प्रत्येक भेटीत फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचे दोन-तीन व्यायाम आणि बाळाला बसवण्या-झोपवण्याची पद्धत स्वतःच्या हाताने करून दाखवून घ्या. जळगावला महिन्यातून काही वेळाच जाणे होणार असेल, तर बाळाची खरी थेरपी घरातल्या अंघोळीच्या, भरवण्याच्या आणि उचलण्याच्या वेळीच होते.

अमळनेरचे नाना

डॉक्टर, हे पटले. दोन्ही कामे बरोबरीने चालू द्यावीत.

सातपुडा (धडगाव)

मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे नाजूक प्रकृतीची मुले म्हटले की आधी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची मुले डोळ्यांपुढे येतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो. नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे-जळगावच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार पुष्कळ आढळतो. हे मूल एरवी खेळताना दिसते आणि एका रात्रीत हातापायांच्या असह्य कळांनी तळमळू लागते. बाहेरून व्यंग दिसत नसल्यामुळे त्याला मदतीची गरज आहे हे शाळेला आणि कार्यालयाला पटवून देण्यातच पालकांची शक्ती जाते.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही रक्ताचे आजार २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत आहेत, त्यामुळे या मुलांनाही प्रमाणपत्र मिळू शकते. मात्र वाहक आणि रुग्ण यांत गल्लत होऊ नये. तपासणीत ‘एएस’ आलेले मूल वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले असते आणि ‘एसएस’ आलेले मूल रुग्ण असते. नानांनी सांगितलेल्या निरामय विम्यात सिकलसेल बसत नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. या मुलांचा मुख्य आधार सरकारी रुग्णालय आहे. तेथे कळांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मोफत मिळते आणि रक्त द्यावे लागले तर बदली रक्तदाता न मागता विनामूल्य रक्त देण्याचे धोरण आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे, तेव्हा घरातील एक मूल रुग्ण निघाले तर बाकीच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

मी पालकांना आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो. या मुलाला १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, कारण प्लीहा निकामी होत गेल्यामुळे जंतुसंसर्ग त्याच्या शरीरात झपाट्याने पसरतो. डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगले, मूल पांढरेफटक पडले, श्वास लागला किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली तर १०८ ला फोन करावा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली वर्गात बाकावरच ठेवू द्यावी आणि लघवीला जाण्यास कधीही अडवू नये. थंडीतही तितकेच जपावे लागते, कारण डोंगरातल्या गारठ्याने कळा सुरू होतात. आदिवासी कुटुंबांनी नंदुरबार, तळोदा किंवा यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही लेखी अर्ज द्यावा.

सिस्टर (धुळे)

मी नवजात अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि पैशांइतकीच मला घरातल्या देखभालीची काळजी वाटते. अशा बाळाला घरी पाठवताना आईला सगळे शिकवले गेले पाहिजे आणि ते शिकवून घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. नळी घालणे, सक्शन करणे, झटका आल्यावर काय करावे हे तुम्ही परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. घरातल्या आणखी एका माणसालाही ते शिकवा. एकट्या आईवर चालणारी देखभाल आईला ताप आला की कोलमडते.

ताई, प्रत्येक वेळी दूध देण्याआधी नळीवरची खूण नाकपुडीपाशी आहे ना, हे पाहा आणि शिकवल्याप्रमाणे सिरिंजने नळी पोटात असल्याची खात्री करा. दूध देताना आणि नंतर निदान अर्धा तास बाळाचे डोके व छाती उंच ठेवा. देताना बाळ खोकू लागले किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच थांबा. नाकातील नळी दीर्घकाळ लागणार असेल, तर पोटातून बसवायच्या नळीविषयी डॉक्टरांशी बोला. वारंवार होणाऱ्या निमोनियाचे कारण दूध श्वासनलिकेत जाणे हे असू शकते, त्याचीही चौकशी करा.

झटका आला की बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. ५ मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेले नाकात मारायचे औषध द्या आणि १०८ बोलवा. ते औषध घरात आहे ना आणि त्याची मुदत उरली आहे ना, हे अधूनमधून तपासा. झटक्यांची रोजची औषधे पैसे संपले म्हणून एकाएकी बंद करू नका, त्यापेक्षा सरकारी रुग्णालयातून तेच औषध मिळते का ते विचारा किंवा डॉक्टरांना स्वस्त पर्याय मागा.

आपल्याकडचा मे महिना विसरता येत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि केळी आडवी करणारे वादळी वारे आले की तासन्‌तास वीज नसते. ज्या घरात सक्शन मशीन किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे तिथे विजेविना चालणारा पर्याय हवाच. पायाने दाबून चालवायचे सक्शन पंप मिळतात. ऑक्सिजन लागणाऱ्या मुलासाठी एक भरलेला छोटा सिलिंडर बाजूला ठेवावा. ग्रामपंचायतीच्या निधीतून काय मागावे असा प्रश्न असेल, तर माझे उत्तर इन्व्हर्टर आणि पायाचा पंप हेच आहे.

एका कागदावर बाळाचे निदान, वजन, औषधांची नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून दाराजवळ लावा. रात्री १०८ च्या डॉक्टरांना इतिहास सांगण्यात जी मिनिटे जातात ती यामुळे वाचतात.

तापीकाठ (चोपडा)

नाना, डॉक्टर, सर, सिस्टर, तुम्ही सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत की मन भरून आले. पायाच्या पंपाबद्दल आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. आणखी दोन गोष्टी विचारते. माझी नणंद पाचोऱ्याला असते, तिचे यजमान वारले आणि तिच्या मुलीलाही तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तिला वेगळे काही मिळेल का? आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया सांगितली तर योजनेबाहेरच्या खर्चाचे काय करावे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, तुमच्या नणंदेसाठी ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे. एक पालक गमावलेल्या मुलांना तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो आणि बाल कल्याण समितीचा आदेश झाल्यावर लाभ सुरू होतो. पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला, रेशनकार्ड, बँक खाते आणि मुलीबरोबरचा फोटो तयार ठेवावा. मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. या अर्जाला शुल्क नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे महात्मा फुले योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा, कारण शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत असते आणि केवळ आपण विचारले नाही म्हणून पैसे भरले जातात, असे घडते. यादीत नसेल तर धर्मादाय रुग्णालय शोधा. २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरती होतानाच द्या, बिल झाल्यावर नव्हे. नाशिक, पुणे, मुंबईला जायचे ठरले तर जाण्याआधीच फोनवर खाटेची चौकशी करा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही रुग्ण भरती असताना, रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह द्यायचा असतो.

नोकरदार पालक (भुसावळ)

आमचे रेशनकार्ड पांढरे आहे आणि उत्पन्नमर्यादेमुळे अनुदानाच्या योजना आम्हाला लागू होत नाहीत. मुलाला दुर्मिळ चयापचयाचा आजार आहे. आमच्यासारख्यांनी काय करावे?

अमळनेरचे नाना

भाऊ, निरामय विम्याला उत्पन्नमर्यादा नाही, तेव्हा मुलाला चारपैकी एखादे दिव्यांगत्व असेल तर तो जरूर घ्या. महात्मा फुले योजनेचा विस्तार पांढऱ्या कार्डधारकांपर्यंत झालेला आहे. दिव्यांग अवलंबितासाठी आयकरात ‘८०डीडी’ या नावाने ओळखली जाणारी ७५ हजार रुपयांची वजावट आहे आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर ती १ लाख २५ हजार होते. ही वजावट जुन्या कररचनेतच मिळते, म्हणून रचना निवडण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब करून पाहा.

दुर्मिळ आजारासाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे. त्यात बसणाऱ्या आजारांच्या रुग्णांना मान्यताप्राप्त केंद्रातील उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून निदानाच्या कागदांसह तिथल्या जनुकशास्त्र विभागासाठी पत्र घ्या.

सिस्टर (धुळे)

आईच्या विश्रांतीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. कोणतीही योजना आईच्या जागरणाचे मोल देत नाही आणि आपल्याकडे अशा बाळाला काही तास विश्वासाने ठेवून घेणारी जागा हीच सर्वांत मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत घरच्यांनीच पाळ्या लावाव्यात. सासूबाई, दीर, शेजारची वहिनी यांपैकी जो कोणी नळीचे दूध देणे शिकेल त्याला आठवड्यातील एक ठरलेली दुपार द्यावी. आशाताईंनाही सांगून ठेवा, त्या भेटीला आल्या की त्यांनी आईची पाठ आणि झोप यांचीही विचारपूस करावी.

सातपुडा (धडगाव)

तापीकाठ ताई, मुलगा शाळेच्या वयाचा झाला की जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्याचे नाव जरूर घाला. समग्र शिक्षा अभियानात तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे, पण ती पटावर नाव असलेल्या मुलांनाच मिळते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना आताच भेटून बाळाची नोंद करून ठेवली तर चालेल. आणि मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर त्याच्या नावाचे खाते व कागद हाताळण्यासाठी कायदेशीर पालकत्व लागते. सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत ते राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती देते. अवकाश पुष्कळ आहे, तरी सर्व कागदांची एक फाइल आजपासूनच ठेवा आणि तिच्या छायाप्रतींचा दुसरा संच माहेरी ठेवा.